सुया मारून झाल्या, आता चेहऱ्याला फार काही करू नका

मायक्रोनीडलिंग करून, म्हणजे मुरुमांचे खड्डे वगैरे भरून यावेत म्हणून चेहऱ्याला बारीक सुया टोचून घेऊन, क्लिनिकमधून बाहेर पडताना हातात एक कागद मिळतो. त्यावर बहुधा इंग्रजीत आठ-दहा ओळी असतात: हे टाळा, ते टाळा, अमुक दिवस तमुक लावू नका. का टाळायचं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. कारण कळलं नाही की माणूस कागदाची घडी पर्समध्ये सारतो आणि दिसेल त्याला विचारत सुटतो. मैत्रीण कोरफड सांगते, सासूबाई हळद सांगतात, मेडिकलवाला ड्रॉवरमधून एक ट्यूब काढतो आणि मोबाइलमधली मुलगी ओळीनं पाच बाटल्या मांडून बसलेली असते. सगळ्यांचा हेतू चांगला (शेवटच्या दोघांचा धंदाही चांगला). पण नीट झालेला उपचार नंतर बिघडतो, तो पुष्कळदा अशा लावालावीमुळेच.

विषय पुन्हा चर्चेत आहे त्याला एक कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, आरएफ मायक्रोनीडलिंगबद्दल सावधगिरीची सूचना काढली. आरएफ प्रकारात सुयांमधून रेडिओलहरींची ऊर्जा सोडून आतली त्वचा तापवतात. त्यातून भाजणं, व्रण पडणं, चरबी आटून चेहऱ्याला खळगे पडणं, नसांना इजा होणं अशा तक्रारी आल्या होत्या. साध्या, न तापवणाऱ्या सुयांबद्दल ती सूचना नव्हती. पण बातमी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाताना असे तपशील गळतात आणि ज्यांचं सेशन कालच झालंय त्यांची झोप उडते. पुढचं सगळं साध्या सुयांबद्दल आहे. आरएफ केलं असेल तर यातली पथ्यं लागू आहेतच, फक्त ती किती दिवस पाळायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण तिथे उष्णतेची इजाही भरून यायची असते.

## सुई नेमकं काय करते

या उपचाराची सुरुवात टॅटूच्या यंत्रातून झाली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये कामिराँ आणि डुसे हे दोघे जुन्या व्रणांवर कातडीच्या रंगाचा टॅटू काढून ते झाकत असत. काही काळानं रंग उडाला, पण व्रण पूर्वीपेक्षा सपाट झालेले दिसले. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, टोचण्याचा होता. मग त्यांनी शाईशिवायच सुई चालवून पाहिली आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर आणला. आता क्लिनिकमध्ये बहुतेक ठिकाणी पेनासारखं मोटरचं यंत्र असतं. त्याच्या टोकाला सुयांची छोटी डबी बसवतात, तिला कार्ट्रिज म्हणतात.

चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असते. तिच्यातही सगळ्यात वर मृत पेशींचा एक पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाइतका. बाहेरची धूळ, जंतू, रसायनं आत येऊ न देणं आणि आतलं पाणी बाहेर उडू न देणं, ही दोन्ही कामं मुख्यतः हा पापुद्रा करतो. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी सुई साधारण दीड ते दोन मिलिमीटर आत जाते. म्हणजे ती पापुद्रा आणि बाह्यत्वचा ओलांडून खालच्या जाड थरात पोचते आणि हे हजारो वेळा होतं. ठिपक्याठिपक्यानं रक्त येतं. शरीराला वाटतं जखम झाली आणि दुरुस्तीची फौज निघते. आधी प्लेटलेट, मग जंतूंना आणि कचऱ्याला खाणाऱ्या पेशी, मग कोलॅजन विणणाऱ्या पेशी. कोलॅजन म्हणजे त्वचेला आतून ताण आणि भरीवपणा देणारं प्रथिन. आपल्याला हवं असतं ते हेच.

ते लगेच मिळत नाही. घराचा स्लॅब पडतो तो दिवस आठवा. मिक्सरचा आवाज, माणसांची रांग, ठेकेदाराची धावपळ, संध्याकाळी पेढे. दुसऱ्या दिवशी वर चालता येतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पण ताकद तेव्हा आलेली नसते. पुढे कितीतरी दिवस स्लॅबवर बांध घालून पाणी उभं करावं लागतं आणि इंजिनिअर काँक्रीटची ताकद धरतो ती २८व्या दिवसाची. पाणी मारणाऱ्याला कोणी पेढा देत नाही, पण त्यानं दांडी मारली की तडे जातात. क्लिनिकमधला तो तासाभराचा कार्यक्रम म्हणजे काँक्रीट ओतणं झालं. पाणी मारायचं काम घरी, तुमच्याकडे.

आतली घडामोड अशी चालते: पहिले दोन-तीन दिवस सूज आणि लाली, मग काही आठवडे कच्चं कोलॅजन विणलं जातं, मग ते मोडून पक्कं कोलॅजन बसवण्याचं काम महिनोन्‌महिने चालू राहतं. म्हणून दोन सेशनमध्ये चार ते सहा आठवडे सोडतात आणि म्हणूनच आठव्या दिवशी आरशासमोर ‘काही फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो.

## मग लावायचं काय? अगदी थोडं

टोचलेली बहुतेक छिद्रं वरून काही तासांत मिटतात. पण त्या पापुद्र्याची घडी नीट बसायला दोन-तीन दिवस जातात. तोवर दोन गोष्टी घडतात. आतलं पाणी भराभर उडतं, त्यामुळे चेहरा ताणल्यासारखा आणि कोरडा होतो. आणि वर लावलेलं काहीही नेहमीपेक्षा कितीतरी खोल शिरतं. जाहिरातींत या दुसऱ्या गोष्टीचं फार कौतुक असतं: ‘सिरम आतपर्यंत पोचतं!’ पोचतं खरं. पण बाटलीतला सुगंध, बाटली टिकावी म्हणून घातलेली रसायनं, रंग, हेही पोचतं आणि ते कातडीच्या वर राहण्यासाठी बनवलेलं असतं, आत जाण्यासाठी नाही. २०१४ मध्ये ‘जामा डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात तीन स्त्रियांची हकीकत आली होती. मायक्रोनीडलिंगनंतर त्यांच्या चेहऱ्यावर गाठीगाठींचे लाल उठाव आले आणि नेहमीच्या उपचारांना ते दाद देईनात. संशय गेला तो सुयांच्या वेळी वर चोळलेल्या सिरमवर. त्यातल्या दोघींच्या बाबतीत ते व्हिटॅमिन सीचं होतं, ‘चेहऱ्याला चांगलं’ म्हणून घराघरांत असतं तसलंच.

म्हणून पहिल्या दिवशी चेहऱ्याला हात कमीत कमी लागलेला बरा. घरी आल्यावर काही तासांनी, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा, हात साबणानं धुऊन मगच चेहरा धुवा. पाणी साधं, कोमट. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं, साबण नीट निघत नाही आणि कोरडेपणा वाढतो. पहिले एक-दोन दिवस उकळून गार केलेलं पाणी वापरा, नाहीतर मेडिकलमधून सलाइनची छोटी बाटली आणा. घासायचं नाही. टॉवेलही नको. बाथरूममध्ये टांगलेल्या टॉवेलनं गेल्या चार दिवसांत काय काय पुसलंय ते आठवून पाहा. स्वच्छ सुती कापड किंवा टिश्यू चेहऱ्यावर नुसता टेकवा आणि उचला.

मग बिनवासाचं, साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. डॉक्टरांनी हायलुरॉनिक ॲसिडचं साधं सिरम दिलं असेल तर ते आधी. नावात ॲसिड असलं तरी ते झोंबणारं ॲसिड नव्हे, पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. एवढ्यावर थांबायचं. रात्री उशीचा अभ्रा बदलायचा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेल लावलेल्या केसांचा अभ्रा आणि हजारो ताज्या टोचण्या यांची रात्रभर गाठ पडू देण्यात काही शहाणपणा नाही.

मेकअप किमान २४ तास नको, ४८ तास थांबलात तर उत्तम. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, स्क्रब, ब्लीच, भुवयांचं थ्रेडिंग हे सगळं पाच ते सात दिवस कपाटात किंवा पार्लरमध्येच राहू द्या. पुरुषांनी दाढी दोन-तीन दिवस वाढू द्यावी. ऑफिसात कोणी विचारलंच तर श्रावण आहे म्हणून सांगता येतं, निदान श्रावणात तरी. दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालतं. आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या बरेच डॉक्टर टाळायला सांगतात, कारण सुरुवातीची ती सूज हाच दुरुस्तीचा पहिला टप्पा असतो. बर्फ थेट घासू नका.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास चेहरा हाताला सँडपेपरसारखा लागतो, बारीक भुसा सुटल्यासारखी कातडी निघते, क्वचित टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या दिसतात. हा सगळ्यात धोक्याचा टप्पा, कारण दुखत नाही आणि बोटं शिवशिवतात. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हनुवटीवरची खपली नखानं निघून येते आणि तिथे पुढचे दोन महिने तपकिरी ठिपका राहतो. कोरडं वाटलं की मॉइश्चरायझर लावा, दिवसातून चार वेळा लावलं तरी हरकत नाही.

## ‘पण कोरफड तर नैसर्गिक आहे!’

धोतराही नैसर्गिकच असतो. प्रश्न नैसर्गिक की रासायनिक हा नाहीच, प्रश्न निर्जंतुक आणि सौम्य असण्याचा आहे. गॅलरीतल्या कुंडीतलं पान कापलं की गराबरोबर सालीलगतचा पिवळट चीकही येतो आणि तो कातडीला झोंबू शकतो. कुंडीतली माती, सुरी, फ्रिजमधला डबा हे वेगळंच. एरवी धडधाकट त्वचा हे सगळं परतवून लावते. आत्ता दाराला कडी नाही.

हळदीचा पिवळेपणा राहतो एवढंच दुखणं नाही. डब्यातली हळद काही जखमेसाठी दळलेली नसते, आणि दुधात किंवा सायीत कालवली की जंतूंना मेजवानीच. बेसन आणि मुलतानी माती कोरड्या कातडीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. लिंबाचं तर नावच नको. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, ते पुढे काळे पडतात, आणि त्यासाठी सुया मारलेल्या असण्याचीही गरज नसते. आठवडा-दहा दिवस गेले, कातडी सुरळीत झाली, मग आजीचं उटणं खुशाल लावा. मी उटण्याच्या विरोधात नाही, फक्त घाईच्या विरोधात आहे.

## ऊन, हेल्मेट आणि तो प्रसिद्ध स्कार्फ

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीची एक सवय आहे. तिला इजा झाली, मग ती मुरुमाची असो, डासाची असो की सुईची, की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्तीचा रंग ओततात. त्याला दाहानंतरचा काळेपणा म्हणू. तो लगेच दिसत नाही, दोन-चार आठवड्यांनी उगवतो आणि जायला महिने घेतो. वरचा थर सोलून काढणाऱ्या लेसरच्या मानानं मायक्रोनीडलिंगमध्ये हा धोका कमी असतो, कारण इथे बाह्यत्वचा जवळजवळ शाबूत राहते. म्हणून तर आपल्याकडे हा उपचार इतका चालतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ताज्या दाहावर ऊन पडलं की तो फायदा गेला.

पहिला दिवस उन्हात जाऊच नका. सेशन संध्याकाळचं घेतलं की निम्मा प्रश्न सुटतो. दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी हो म्हटलं की, किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा. सुरुवातीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं लावा, कारण ही द्रव्यं कातडीत मुरून काम करण्याऐवजी वर बसून काम करतात आणि सहसा झोंबत नाहीत. चेहऱ्यावर थोडा पांढरा थर दिसेल, दिसू दे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर, प्रत्येकी बोटाच्या लांबीएवढी एक, अशा दोन रेघा लागतात. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि मग ‘सनस्क्रीनचा उपयोग होत नाही’ म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग किंवा काळे डाग पडण्याची प्रवृत्ती असेल तर पुढे रंगीत सनस्क्रीनचा विचार करा. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं आणि आपल्या कातडीत डाग गडद करायला तो प्रकाशही हातभार लावतो. घरात खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की साध्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात. पावसाळी ढगांतूनही येतात.

आता आपला खास पुणेरी बंदोबस्त. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, वर सनकोट, वर हेल्मेट. उन्हासाठी ही सोय उत्तम आहे, पण ताज्या सुयांसाठी नाही. एकदा हेल्मेट उलटं करून आतलं अस्तर नाकाशी धरून पाहा. घाम, केसांचं तेल, सिग्नलवरचा धूर, मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या कामांची धूळ, सगळं तिथे साठलेलं असतं. ते कपाळावर आणि गालांवर घट्ट दाबून आपण कोथरूडहून खराडीला जातो आणि दर खड्ड्याला ते थोडं घासतं. स्कार्फचंही तेच. सकाळी बांधलेला, दुपारी पर्समध्ये कोंबलेला, संध्याकाळी पुन्हा बांधलेला.

हेल्मेट काढून गाडी चालवा असं मी चुकूनही म्हणणार नाही, डोकं चेहऱ्यापेक्षा महाग आहे. पहिले दोन दिवस गाडीच काढू नका. रिक्षा, वनाज-रामवाडी मेट्रो, नवऱ्याची गाडी, मैत्रिणीची गाडी, काहीही. क्लिनिकमधून परतीच्या वाटेचं तर आधीच ठरवून ठेवा, कारण बधिर करणाऱ्या क्रीमचा अंमल उतरताना चेहरा तापलेला असतो आणि तेव्हाच हेल्मेट चढवणं म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा. नंतर दुचाकी घ्यावीच लागली तर आत धुतलेला मऊ सुती रुमाल, रोज नवा.

घामाचंही असंच. जिम, तळजाई, वेताळ टेकडी, पोहण्याचा तलाव हे दोन-तीन दिवस बंद. घामातलं मीठ झोंबतं आणि चेहरा तापला की लाली लांबते. तलावातलं क्लोरीन वेगळं. आणि सेशन ठरवताना कालनिर्णय बघा. रंगपंचमीच्या किंवा विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात सुया मारून घ्यायच्या आणि मग गुलालापासून तोंड लपवत फिरायचं, यात ना उपचाराचं भलं, ना सणाचं.

## ‘लाली उतरत नाही, ती ट्यूब लावू का?’

नको. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आपल्याकडे ‘गोरं करणारी’, ‘डागांवरची’, ‘खाजेवरची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. नावं बारीक अक्षरांत मागे छापलेली असतात: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. काहींत त्याच्या जोडीला रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही. सुयांनंतरच्या लाल चेहऱ्यावर यातली ट्यूब लावली तर रात्रीत लाली जाते. इतकी छान जाते की लावणारी व्यक्ती ती चार जणींना सुचवते. पण लाली का गेली? कारण स्टेरॉइडनं दुरुस्तीची सगळी फौज घरी पाठवली. कोलॅजन विणणाऱ्या पेशींचं काम ते मंदावतं. म्हणजे पैसे मोजून कोलॅजनसाठी सुया मारून घ्यायच्या आणि वीस रुपयांच्या ट्यूबनं ते काम बंद पाडायचं. स्लॅबवर पाणी मारायच्या ऐवजी शेकोटी पेटवण्यासारखंच.

चटक लागली की दुखणं आणखी वाढतं. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, आणि ट्यूब बंद केली की चेहरा आगीसारखा पेटतो, म्हणून पुन्हा ट्यूब. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल कित्येक वर्षं याविरुद्ध मोहीम चालवतेय. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. डॉक्टरांनी स्वतः तपासून, अमुक दिवसांसाठी म्हणून काही लिहून दिलं तर तो भाग निराळा. शेजारणीची अर्धी वापरलेली ट्यूब हा औषधोपचार नव्हे.

## फोन कधी करायचा

साधी लाली पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरत जाते. बहुतेकांची तीन दिवसांत जाते, काहींची आणखी दोन दिवस रेंगाळते. चेहऱ्याची दिशा बघायची: काल होता त्यापेक्षा आज बरा आहे का? उतरत असलेली लाली तिसऱ्या दिवशी पुन्हा चढू लागली, दुखणं वाढलं, पू दिसला, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. लगेच फोन. ओठांच्या कडेला किंवा गालावर पाणीदार फोडांचा पुंजका आला आणि तिथे आग होतेय, तर तो हर्पिसचा विषाणू असण्याची शक्यता असते. त्याला वेळ घालवून चालत नाही. ज्यांना असे फोड पूर्वी येऊन गेलेत त्यांनी सेशनच्या आधीच सांगायचं, मग डॉक्टर आधीपासून गोळ्या देऊ शकतात. खाजणारे घट्ट उठाव येत असतील, किंवा सुयांच्या रेघा समांतर रुळांसारख्या उमटून राहिल्या असतील, तर तेही दाखवायचं. दोन-चार आठवड्यांनी काळसर छटा आली तर घाबरायचं नाही, पण घरगुती प्रयोगही करायचे नाहीत.

आधीच सांगायच्या गोष्टी आणखीही आहेत: कातडीवर गाठी येऊन व्रण फुगण्याची प्रवृत्ती, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह. चेहऱ्यावर पिकलेल्या पुळ्या असतील तर त्या दिवशी सुया नाहीतच, एका पुळीतले जंतू सगळीकडे फिरतात.

## ‘हेच घरी रोलरनं केलं तर?’

ऑनलाइन काहीशे रुपयांत रोलर मिळतो, तेव्हा प्रश्न पडणारच. घरच्या वापराच्या रोलरची सुई साधारण पाव मिलिमीटरची असते. ती खड्डे भरण्याइतकी खोल जात नाही, पण तो संरक्षक पापुद्रा फोडायला तिची लांबी पुरेशी असते. म्हणजे फायदा नाममात्र आणि धोका पुरता. त्यापेक्षा लांब सुयांचे रोलरही सर्रास विकले जातात, आणि काही वापरांनी टोकं वाकली की ते टोचत नाहीत, ओरबाडतात. हॉस्टेलवर एकच रोलर तीन खोल्यांत फिरत असेल तर विषय संपला. रक्त लागलेली वस्तू वाटून घेत नाहीत.

केसांसाठी रोलर वापरणाऱ्या मुलांचा यावर ठरलेला प्रतिवाद असतो: ‘त्यावर तर संशोधन झालंय!’ झालंय, आणि आपल्या शेजारीच. मुंबईच्या सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांवर ते केलं, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध नुसतं लावण्यापेक्षा त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरच्या सुया, यानं १२ आठवड्यांत केस जास्त आले. पण त्यात सुया रुग्णालयात मारल्या होत्या आणि सुयांच्या दिवशी मिनॉक्सिडिल लावायचं नव्हतं. रील बनवणारे नेमकं हेच वाक्य गाळतात आणि टोचलेल्या डोक्यावर लगेच औषध ओततात. मग औषध रक्तात जास्त उतरून धडधड झाली तर आश्चर्य नको.

## सुई कोणाच्या हातात आहे

नंतरची काळजी कितीही घेतली तरी सुईच अस्वच्छ असेल तर काही उपयोग नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये स्वतःचं रक्त काढून, त्यातला प्लेटलेटचा भाग चेहऱ्यात सुयांनी घालण्याचा प्रकार चालायचा. २०१८ मध्ये तो बंद पाडला गेला. तिथे गेलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं आणि २०२४ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं म्हणजे सीडीसीनं त्याचा सविस्तर अहवाल दिला. तिथे एकदा वापरून फेकायचं साहित्य पुन्हा वापरलं जात होतं.

त्यामुळे कार्ट्रिज तुमच्या डोळ्यांसमोर, सीलबंद पाकिटातून फोडायला सांगा. नंतर ती फेकलेलीही बघा. यात संकोच कसला? इंजेक्शनची सुई आपण बघून घेतोच की. सुया मारणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत तिची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी काही पदवीचा पुरावा नव्हे. सलूनमध्ये फेशियलच्या पॅकेजात फुकट मिळणाऱ्या सुया मी तरी घेणार नाही.

## लग्न तोंडावर आलंय

तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयं भरतात आणि त्याच्या महिनाभर आधी क्लिनिकं. ‘दोन आठवड्यांनी हळद आहे, एक सेशन बसेल का?’ हा प्रश्न तिथल्या रिसेप्शनवर नित्याचा. सेशन बसेल, फरक बसणार नाही. खड्ड्यांसाठी सहसा तीन ते सहा सेशन लागतात. त्यातही रुंद, पसरट खड्डे चांगला प्रतिसाद देतात. खोल आणि अरुंद खड्ड्यांना एकट्या सुयांनी फारसा फरक पडत नाही, त्यांना दुसरे उपाय जोडावे लागतात. डिसेंबरचा मुहूर्त असेल तर पहिलं सेशन मे-जूनमध्ये पडायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडे ऊनही तुलनेनं कमी, तेही पथ्यावर पडतं.

शेवटचं सेशन हळदीच्या निदान चार आठवडे आधी संपवा. काळेपणा यायचा असेल तर तो तेवढ्या काळात दिसतो आणि डॉक्टरांना काही करायला अवधी मिळतो. पार्लरचं ब्राइडल फेशियल, ब्लीच, मेकअपची ट्रायल, यातलं काहीही, लग्नासाठी एरवीपेक्षा जास्तीची खबरदारी म्हणून, शेवटच्या सेशननंतर दोन आठवड्यांच्या आत नको. आणि मुहूर्त अचानक अलीकडे आला, सेशन होऊन आठवडाही झाला नाही, अशी वेळ आलीच तर हळद हातापायांना भरपूर लावून घ्या, गालांना नाही. हे आत्या आणि मावशीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, ऐन कार्यक्रमात कोणी ऐकत नसतं.